जुन्या एसएमपीएसचा कॅम्पिंग चार्जर: वाचकांचे प्रश्न, आमची खटपट

पाऊस उघडला की आमच्याकडे दोन प्रकारचे प्रश्न सुरू होतात. एक म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी किती घालायचं, आणि दुसरा, घरात पडलेल्या अमुक तमुक एसएमपीएसमधून, म्हणजे २३० व्होल्टचं कमी व्होल्टचं डीसी करून देणाऱ्या पॉवर सप्लायमधून, कॅम्पिंगच्या बॅटरीचा चार्जर होईल का. या खेपेला दुसऱ्या प्रकारचे इतके आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. पाण्यावाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा, आणि तोवर डिस्टिल्ड वॉटरच घाला, फिल्टरचं नको.

प्रश्न: नमस्कार सर. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. थंडीत महिन्यातून एकदा तरी पवनेच्या बाजूला नाहीतर भंडारदऱ्याला टेंट टाकतो, पण रेडिमेड कॅम्पवर नाही, ओळखीच्या शेतात, जिथे लाईट नाही. १२ व्होल्ट २० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतलीय. पहिली रात्र आरामात निघते, दुसऱ्या रात्री झोपायच्या आधीच सगळं बंद. मित्राकडे १ केव्हीएचा जनरेटर आहे, त्याला १२ व्होल्टचं सॉकेट पण आहे, पण त्यावर लावून बॅटरी भरतेय की नाही तेच कळत नाही. घरी जुन्या कॉम्प्युटरचा ४५० वॅटचा एसएमपीएस पडलाय. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो आणि आत एक रेझिस्टर बदलला की १४.४ व्होल्ट मिळतात असं व्हिडिओत पाहिलं. करू का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: आधी ते सर बंद करा, मी आयुष्यभर दुकानात बसून रिपेअरिंग केलेला माणूस आहे, दादा म्हटलं तरी चालेल.

बॅटरी दुसऱ्या रात्री का बसते ते आधी बघू, कारण बरेच जण हा हिशोब न करताच चार्जरच्या मागे लागतात. तुमची बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले २०, साधारण २५६ वॅट-अवर. पाच वॅटचे दोन एलईडी पाच तास लावले तर ५० गेले. १५ वॅटचा डीसी फॅन सहा तास, ९० गेले. ५००० एमएएचचा एक फोन शून्यापासून भरायला लॉस धरून २५ च्या आसपास लागतात, चार फोन म्हणजे १००. झाले २४०. म्हणजे एका रात्रीतच बॅटरीचा तळ दिसायला लागतो, आणि तुम्ही तर सहा जण आहात. त्यामुळे सकाळी चहा-पोह्याच्या वेळात जनरेटर लावून भरून घ्यायची ही तुमची कल्पना बरोबरच आहे.

आता जनरेटरवरचं १२ व्होल्टचं सॉकेट. बऱ्याच छोट्या जनरेटरवर तिथे ८ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं पण ते रेग्युलेटेड नसतं, गाडीची लेड-ॲसिड बॅटरी अडीअडचणीला चार्ज करायला दिलेलं असतं, कुठे थांबायचं हे त्याला माहीत नसतं. लिथियमला ते लावूच नका. २३० च्या सॉकेटवर नीट चार्जर लावा, तोच मार्ग.

आणि तुमचा मूळ प्रश्न, कॉम्प्युटरचा एसएमपीएस. करता येतो. मी केलाय. म्हणूनच सांगतो, करू नका.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळच्या एटीएक्स सप्लायमध्ये (म्हणजे हाच कॉम्प्युटरवाला एसएमपीएस) टीएल४९४ नाहीतर त्याचा जुळा भाऊ केए७५०० ही चिप असायची. तिच्या एक नंबरच्या पायावर आउटपुटचं व्होल्टेज रेझिस्टरमधून विभागून येतं, चिप ते आपल्या रेफरन्सशी ताडून बघते आणि कमी-जास्त करते. तो रेझिस्टर काढून प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला की व्होल्टेज आपल्या हातात. व्हिडिओत दाखवतात ते हेच. मी प्रीसेट फिरवत गेलो, १२.५, १३, आणि तेराच्या थोडं पुढे गेलं की फॅन एक गचका घ्यायचा आणि सगळं बंद. का, तर १२ व्होल्टची लाईन आणि ५ व्होल्टची लाईन एकाच ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळलेली असते, एक वर नेली की दुसरी पण मागोमाग येते. १२ चे १४.४ म्हणजे वीस टक्के जास्त, म्हणजे तिकडे ५ चे ६ होतात. प्रोटेक्शनला वाटतं रेग्युलेशन गेलं आणि ते सप्लाय पाडतं. बरोबरच आहे त्याचं.

मग मी शहाणपणा केला, प्रोटेक्शनच उडवलं. १४.४ आले, मी खूश, चहा सांगितला. चहा यायच्या आत आतून बारीक फुस्स असा आवाज आला आणि तो वास, ज्यांनी कपॅसिटर उडवलाय त्यांना तो सांगायला नको, सडक्या माशासारखा आणि वर थोडा गोड. छोट्या लाईनवरचे कपॅसिटर कमी व्होल्टेजचे, त्यातून जुने, त्यांची डोकी फुगून वर पिवळट पाणी आलेलं. १२ च्या लाईनवरचे १६ व्होल्टचे होते, ते टिकले, पण १४.४ वर तेही काठावरच चालणार.

आणि हे सगळं जमलं असतं तरी तो चार्जर झालाच नसता. त्याने फक्त व्होल्टेज ठरवलं, करंट कोण अडवणार? रिकामी बॅटरी जोडली की ती जेवढा मिळेल तेवढा करंट ओढायला बघते, सप्लाय एकतर ट्रिप होतो नाहीतर गरम होत होत जातो. चार्जरला व्होल्टेज आणि करंट दोन्ही धरता आले पाहिजेत, आधी ठरलेला करंट देत राहायचं आणि बॅटरी वर आली की व्होल्टेज धरून करंट आपोआप उतरू द्यायचा. एटीएक्समध्ये पहिला भाग नाहीच.

जीवाची गोष्ट वेगळीच. प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर मिळून सव्वातीनशे व्होल्ट डीसी काही वेळ बसून राहतं (२३० गुणिले १.४१४, करून बघा). आम्ही १०० वॅटचा बल्ब होल्डरला दोन वायरी लावून त्यावर टेकवायचो, बल्ब भपकन लागून विझला की मगच बोटं आत. ज्यांना ही सवय नाही त्यांनी डबा उघडू नये, प्रीसेट फिरवणं तर लांबच.

मग काय करायचं? २४ व्होल्ट ५ अँपिअरचा रेडिमेड एसएमपीएस घ्या, तो जाळीच्या पत्र्याच्या डब्यातला, पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळतो, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. आणि त्यापुढे एक बक मॉड्यूल, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उतरवून देणारं छोटं सर्किट, ज्यावर दोन प्रीसेट आहेत असं, मागताना "सीसी-सीव्ही" म्हणून मागा, म्हणजे करंट आणि व्होल्टेज दोन्ही धरणारं. एक्सएल४०१६ चिपचं सर्रास मिळतं. चिप ८ अँपिअरची आहे, विकणारा ९ पण लिहितो, १० पण लिहितो, मी मात्र ५ वर चालवतो आणि तरी वर छोटा फॅन ठेवतो. २४ व्होल्ट आत, १४.६ बाहेर, ५ अँपिअर. तुमची २० एएच बॅटरी चार-साडेचार तासांत भरेल. बॅटरीच्या कागदावर १० अँपिअर चार्जिंग चालेल असं लिहिलं असेल तर मोठं मॉड्यूल घेऊन वेळ निम्मा करता येईल, पण पहिलं ५ चं करून बघा.

सेट करताना बॅटरी जोडायची नाही. मॉड्यूलच्या आउटपुटला मीटर लावा आणि व्होल्टेजचा प्रीसेट फिरवा. हे निळे प्रीसेट पितळी स्क्रूचे, बरेच फेरे असलेले असतात, दहा-बारा फेरे फिरवले तरी आकडा हलत नाही, मग लोक म्हणतात मॉड्यूल खराब आहे. फिरवत राहा. १४.६ ला थांबा. मग करंटचा प्रीसेट पूर्ण उलटा फिरवून कमी करा, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर सरळ आउटपुटवर टाका, हो, शॉर्टच करायचंय, करंट लिमिट असल्यामुळे काही होत नाही, आणि हळूहळू ५ पर्यंत आणा. हे पटकन उरका, बऱ्याच मीटरवर तिथे १० सेकंदच लावा असं लिहिलेलं असतं. आणि झाल्याबरोबर लाल पिन परत व्होल्टच्या भोकात. ती तशीच विसरून नंतर बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलेले आणि प्रोबचं टोक वितळवलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

आता गंमत. तुमचा तो भंगार एटीएक्स वाया जाणार नाहीये. या बक मॉड्यूलची एक खोड आहे, जनरेटर बंद झाला आणि बॅटरी तशीच जोडलेली राहिली तर बॅटरी उलटी मॉड्यूलमध्ये शिरते आणि कधीकधी त्याला घेऊन जाते. म्हणून आउटपुटच्या प्लसवर एक जाडा शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आणि कमी व्होल्टेज खाणारा) लागतो, आणि तसा डायोड तुमच्या एटीएक्समध्ये ५ व्होल्टच्या लाईनवर हीटसिंकला स्क्रू मारून बसलाय. तीन पायांचा असतो, कडेचे दोन पाय एकत्र जोडून ते मॉड्यूलकडे, मधला बॅटरीकडे. नंबर नेटवर टाकून तो शॉटकीच आहे आणि ४० व्होल्टच्या वरचा आहे हे बघून घ्या, १२ च्या लाईनवरचा उचलू नका, तो पुष्कळदा साधा फास्ट डायोड असतो आणि एक व्होल्ट खातो. हीटसिंक पण तोच घ्या, मध्ये अभ्रकाची चकती ठेवा कारण डायोडच्या पाठीवर बॅटरीचा प्लस असतो. फॅन पण तिथलाच. फक्त डबा उघडायच्या आधी महिनाभर प्लगला लावलेला नसावा, आणि तरीही त्या मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून शून्य बघूनच हात घाला.

डायोड ०.२ ते ०.४ व्होल्ट खातो, म्हणूनच मॉड्यूल १४.६ ला ठेवायला सांगितलं, बॅटरीला शेवटी १४.२-१४.४ मिळतं आणि समजा ड्रॉप अगदी शून्य झाला तरी १४.६ म्हणजे सेलला ३.६५, तिथेच तिची हद्द आहे, पलीकडे जात नाही. बॅटरीच्या प्लसला अगदी टर्मिनलजवळ गाडीतला १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, वायर अडीच स्क्वेअर एमएमची. चार्जिंगचा करंट १ अँपिअरच्या खाली आला की भरली, काढून टाका. लिथियम फॉस्फेटला रात्रभर १४.४ वर लटकवून ठेवायची काही गरज नसते.

एक फायदा राहिलाच. बॅटरी पूर्ण संपली की आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ती तोडतो आणि टर्मिनलवर मीटर शून्य दाखवतं. काही महागडे चार्जर अशा वेळी "बॅटरीच नाही" म्हणून सुरूच होत नाहीत. आपलं हे गावठी मॉड्यूल काही विचारत नाही, व्होल्टेज देतं, बीएमएस जागा होतो.

प्रश्न: स्ट्रिप लाईटचा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस आहे. त्यावर एडीजे लिहिलेला स्क्रू फिरवून १३.८ केले. गाडीची जुनी ४५ एएच बॅटरी कॅम्पिंगला नेतो, ती जोडली की सप्लायची हिरवी लाईट लुकलुकते आणि आतून टिक टिक आवाज येतो, चार्ज काहीच होत नाही. अर्धी भरलेली बॅटरी लावली तर मात्र चालतो. सप्लाय बिघडलाय का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: बिघडला नाहीये, तो जीव वाचवतोय. रिकाम्या बॅटरीला १० च्या वर करंट हवाय, सप्लाय म्हणतो शॉर्ट आहे, बंद होतो, परत बघतो, परत शॉर्ट, परत बंद. ती टिक टिक म्हणजे त्याचं दर सेकंदाला चालू-बंद होणं. वर सांगितलं तेच, करंट धरायची सोय नाही. अर्धी भरलेली बॅटरी मुळात कमी ओढते म्हणून चालतं.

साधा उपाय हवा असेल तर जुन्या गॅरेजवाल्यांची युक्ती, मध्ये सिरीजमध्ये गाडीचा हेडलाईटचा बल्ब घाला, ५५ नाहीतर ६० वॅटचा. बॅटरी रिकामी असताना बल्ब मंद लागेल आणि करंट अडेल, बॅटरी वर आली की बल्ब विझत जाईल. एका बल्बने चार्जिंग कूर्मगतीने होतं, घरी रात्रभर लावायला ठीक. आणि १३.८ वर तुम्ही ठेवलंय ते चांगलंच, तिथे लेड-ॲसिड विसरलात तरी उकळत नाही.

फक्त गाडीची बॅटरी कॅम्पिंगला नेणं मला पटत नाही. ती स्टार्टर मारायला बनवलेली असते, पातळ प्लेटांची, दोन-चार वेळा तळापर्यंत रिकामी केली की तिचं आयुष्य गेलंच.

प्रश्न: यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणि लॅपटॉपचा १९.५ व्होल्टचा जुना ॲडॉप्टर, एवढंच आहे माझ्याकडे. कॉलेजमध्ये आहे, बजेट नाही. हरिश्चंद्रगडावर एक रात्र दिवे आणि दोन फोन एवढंच करायचंय. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर: जमतंय की. पहिलं बॅटरीच्या अंगावर वाचा, त्यावर छापलेलं असतं, सायकल यूज (भरून वापरून परत भरायची असेल तर) १४.४ ते १५, स्टँडबाय यूज (कायम जोडून ठेवायची असेल तर) १३.५ ते १३.८, आणि इनिशियल करंट (सुरुवातीचा, जास्तीत जास्त), ७ एएचला तो साधारण २.१ अँपिअर असतो. एवढा सरळ मजकूर छापलेला असून कोणी वाचत नाही.

ॲडॉप्टर सरळ जोडायचा नाही, कधीच नाही, १९.५ व्होल्टमध्ये ती बॅटरी फुगते. बजेट अगदीच नसेल तर मध्ये सिरीजमध्ये मोटारसायकलच्या इंडिकेटरचा नाहीतर गाडीच्या ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. बल्बवर सहा-सात व्होल्ट पडतात, करंट सव्वा अँपिअरच्या आसपास जातो, बॅटरीला तो सोसतो. पण लक्षात घ्या, हा बल्ब थांबवत नाही, बॅटरी १४.४ ला पोचली तरी तो एक अँपिअरच्या आसपास ढकलतच राहतो. त्यामुळे मीटर लावून शेजारी बसायचं, मोबाईलवर दर वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि १४.४ दिसले की काढायचं. झोपायचं नाही! पुढे मागे दोन-तीनशे रुपये आले की एक्सएल४०१५ चं छोटं सीसी-सीव्ही मॉड्यूल घे (तू कॉलेजात आहेस, अरेतुरे चालेल ना), १४.४ आणि १ अँपिअर सेट कर आणि मग झोप.

गडावर नेताना टर्मिनलवर चिकटपट्टी लाव. सॅकमध्ये बॅटरी, त्याला टेकून स्टीलचा डबा, त्यात पुऱ्या, हे मी स्वतः पाहिलंय, डबा इतका गरम झाला होता की पुऱ्या ताज्या लागल्या असं पोरं हसत सांगत होती. हसण्यावारी गेलं म्हणून बरं.

प्रश्न: ऑनलाईन १२ व्होल्टची लिथियम बॅटरी घेतली, हलकी आहे, निळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेली. तुमच्या मागच्या एका उत्तरात लिथियमला १४.४ द्या असं होतं म्हणून सेट करून ठेवलंय, अजून जोडली नाही. (एक वाचक, लातूर)

उत्तर: जोडू नका. बरं झालं विचारलंत.

१२ व्होल्टची लिथियम या नावाखाली दोन वेगळ्या जाती विकतात. चार सेलची लिथियम फॉस्फेट, तिच्यावर १२.८ व्होल्ट लिहिलेलं असतं, तिला १४.४. आणि तीन सेलची, लॅपटॉपमध्ये असतात तसल्या गोल सेलची, तिच्यावर ११.१ नाहीतर १०.८ लिहिलेलं असतं, तिची हद्द १२.६. हलकी आणि निळ्या प्लॅस्टिकातली म्हणताय, पण जड पण निळी असते, त्यामुळे रंगावर जाऊ नका, आकडा शोधा. तीन सेलवालीला १४.४ दिले तर एकेका सेलला ४.८ पडतात, बीएमएस तोडेल अशी आशा असते, पण स्वस्तातल्या पॅकमध्ये तो असतोच असं नाही, आणि अशा सेलची आग पाण्याच्या बाटलीने विझत नाही. आकडा सापडला नाही तर पॅक भरलेला आला होता तेव्हाचं व्होल्टेज मोजलंय का? १२.६ च्या आतबाहेर दिसत असेल तरी त्यावरून ठरवू नका, कारण फॉस्फेटवाली रिकामी होत आली की तेवढंच दाखवते. विकणाऱ्याला विचारा, नाही सांगितलं तर परत करा.

प्रश्न: आमचं कृषी पर्यटनाचं छोटं ठिकाण आहे, लाईट दिवसातले निम्मे तास नसते. १०० एएचची ट्युब्युलर बॅटरी जनरेटरवर भरतो, पाच-सहा तास चालवावा लागतो, पेट्रोल परवडत नाही. मोठा चार्जर केला तर वेळ वाचेल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: थोडाच वाचेल, आणि तो सुद्धा सुरुवातीचा. लेड-ॲसिडला करंट एएचच्या दहा टक्के, म्हणजे तुम्हाला १० अँपिअर, फार तर १५. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती तो मुकाट्याने घेते. नंतर व्होल्टेज १४.४ ला पोचलं की तिचं तिचं चालू, करंट कमी कमी होत जातो, शेवटचे वीस टक्के भरायला तीन-चार तास घेते, तुम्ही ५० अँपिअरचा चार्जर आणलात तरी. त्या तासांत जनरेटर जवळजवळ रिकामा फिरतोय आणि पेट्रोल मात्र पितोय.

मग करायचं काय, तर जनरेटर पहिले दोन-तीन तासच, ऐंशी टक्के होईपर्यंत, आणि उरलेलं लाईट आली की साध्या चार्जरने नाहीतर सोलर पॅनेलवर दिवसभरात सावकाश. पण आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण भरली पाहिजे, नाहीतर प्लेटांवर सल्फेट बसून शंभराची साठ कधी झाली कळणार नाही.

आणि जनरेटर बंद करायच्या आधी चार्जरचा प्लग काढत जा. पेट्रोल संपून तो आचके देत बंद पडतो तेव्हा व्होल्टेज वेडंवाकडं उड्या मारतं, माझ्याकडे आलेल्या उडालेल्या एसएमपीएसपैकी बरेच असेच गेलेले.

तुमच्याकडे लोक टेंटमध्ये झोपतात म्हणून हे पण लिहितो. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. पावसाचा थेंब आला म्हणून कोणी जनरेटर टेंटच्या पडवीत ओढला तर आतला माणूस झोपेतच जाऊ शकतो. लांब, उघड्यावर, वारा टेंटकडून जनरेटरकडे वाहतोय अशा बाजूला.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो. भारतातून येताना २४ व्होल्टचा एसएमपीएस आणि बक मॉड्यूल घेऊन आलो, इकडे वीज नसलेल्या कॅम्पसाईटवर मित्राच्या जनरेटरला लावतो. एसएमपीएस चालू होतो पण लोड टाकला की झोपतो. (एक वाचक)

उत्तर: डब्याच्या कडेच्या जाळीतून आत बघा, एक लाल नाहीतर निळा सरकता स्विच दिसेल, ११० आणि २२०. इथून नेला म्हणजे तो २२० वर असणार. तिकडे १२० आहे. प्लग काढून, स्क्रू-ड्रायव्हरने ११० वर सरकवा, चालेल.

आता कळकळीची सूचना, सुट्टीत परत आणाल तेव्हा आधी तो स्विच २२० वर करा, बॅग उघडायच्या आधी म्हणा हवं तर. ११० वर असताना आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. त्यात आपले २३० गेले की साडेसहाशे व्होल्ट तयार होतात आणि आत कपॅसिटर आहेत दोन, दोनशे दोनशेचे. माझ्या टेबलावर हे झालंय. नवाकोरा डबा, मी स्विच बघितला नाही, प्लग लावला आणि दिवाळी. कपॅसिटरचं ॲल्युमिनियमचं टोपण उडून ट्यूबलाईटच्या पट्टीवर आपटलं आणि दुकानभर चांदीचे कागदाचे तुकडे. तेव्हापासून कुठलाही नवीन किंवा दुरुस्त केलेला सप्लाय पहिल्यांदा मी सिरीज लॅम्पवरच लावतो, फेजमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. सप्लाय ठीक असेल तर बल्ब क्षणभर लागून विझतो, आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत लागून राहतो आणि बाकी काही उडत नाही. ते बल्ब आता पटकन मिळत नाहीत, दिसले की दोन घेऊन ठेवा.

प्रश्न: बक मॉड्यूलला २४ व्होल्टच्या एसएमपीएसऐवजी १०० वॅटचं सोलर पॅनेल जोडलं तर? जनरेटर नकोच वाटतो, काजवे बघायला जातो आणि शेजारी तो घरघरत असतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: काजव्यांसाठी शंभर मार्क. पण काजवे मे अखेर ते जूनमधले, तेव्हा भंडारदऱ्याकडे आभाळ भरलेलं असतं, १०० वॅटच्या पॅनेलमधून दिवसभर वीस-तीस वॅट निघाले तरी नशीब. घरून बॅटरी भरून न्या आणि पॅनेल वरकड म्हणून धरा.

जोडता येतं, पॅनेलचं काही न जोडता असलेलं व्होल्टेज २१-२२, मॉड्यूलला चालतं. अडचण अशी की मॉड्यूलला सोलर कळत नाही. तुम्ही करंट ५ ला सेट केलाय, ढग आला, पॅनेल देतंय दोनच, तर मॉड्यूल पाचासाठी खेचत राहतं, पॅनेलचं व्होल्टेज खाली कोसळतं आणि जे दोन मिळाले असते त्यातलंही थोडं जातं. उन्हाच्या दिवशी करंट ४ वर, ढगाळ असेल तर दीड-दोनवर उतरवून ठेवा, प्रीसेट तेवढ्यासाठी बाहेरून फिरवता येईल असा डब्याला भोक पाडून बसवा. नाहीतर सरळ छोटा सोलर चार्ज कंट्रोलर घ्या, पण त्यात लिथियम फॉस्फेटचं सेटिंग आहे का ते दुकानातच बटणं दाबून बघा, डब्यावर लिहिलेलं असतं आणि मेनूत नसतं असं झालंय माझ्याबरोबर. पॅनेल जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलटं, आणि ते झाडाखाली ठेवू नका, एका फांदीची सावली पडली तरी मीटरवरचा आकडा निम्म्याच्या खाली येतो, स्वतः एकदा हात आडवा धरून बघा.